सांगलीतल्या एका बंद साप्ताहिकाचं दफ्तर आणि त्याचं झालेलं संग्रहालय

पत्रकारितेचं संग्रहालय काढायचं म्हटलं की आपल्याकडं आधी जागेवर आणि इमारतीवर बोलणं सुरू होतं आणि त्यातच वर्षं जातात. सांगलीत आम्ही काहीजणांनी हे काम केलं, त्यात काय अडलं, काय ठरलं आणि का ठरलं ते सगळं इथं सविस्तर लिहितोय. कारण साताऱ्यात, कराडात, तासगावात, विट्यात कुठंतरी एखाद्या जुन्या संपादकाच्या घरी असंच दफ्तर आत्ता माळ्यावर पडून असणार आणि ते रद्दीत जायच्या आत त्या घरातल्या कुणीतरी हे वाचावं असं फार वाटतं. कुटुंबाची इच्छा म्हणून साप्ताहिकाचं किंवा कुठल्याच माणसाचं नाव देत नाहीये.

तर घर गावभागातलं. तळमजल्यावर छापखाना, वर बिऱ्हाड. साप्ताहिक साठच्या दशकात सुरू झालं, म्हणजे 'दक्षिण सातारा' हे जिल्ह्याचं नाव जाऊन १९६० साली 'सांगली' झालं त्यानंतर थोड्याच काळात. चालवणारे आण्णा, म्हणजे संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक आणि कमी पडलं तर अंकाच्या घड्या घालणारे पण तेच. शेवटची काही वर्षं अंक डीटीपी करून बाहेरच्या ऑफसेटवर छापून यायचा, ट्रेडल, म्हणजे जुनं छपाईयंत्र, नुसतं लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकांसाठी. आण्णा गेले आणि अंक थांबला. मुलगा पुण्यात नोकरीला, सांगलीतलं घर बघायला वहिनी, म्हणजे आण्णांच्या धाकट्या सूनबाई.

मागं काय राहिलं होतं तर एक ट्रेडल, खिळ्यांच्या केसेस (छपाईची शिशाची अक्षरं ठेवायचे, घरं पाडलेले खण), जुळवलेला मजकूर धरायच्या चौकटी आणि तबकं म्हणजे चेस आणि गॅल्या, जस्ताचे ब्लॉक, वर्षावर्षाच्या बांधलेल्या फायली, आणि दोन लोखंडी कपाटं. ह्या कपाटांकडं सुरुवातीला आमच्यापैकी कुणीच नीट बघितलं नव्हतं हे महत्त्वाचं आहे, पुढं येईलच.

ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट. ज्यांनी तो पूर बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको. छापखाना पूर्ण पाण्यात होता आणि पाणी काही एका रात्रीत उतरलं नाही, बरेच दिवस तसंच उभं. उतरल्यावर दार उघडलं तर खालच्या कप्प्यांमधल्या फायलींचा लगदा झालेला, केसेस उलटून सगळे खिळे चिखलात मिसळलेले, ट्रेडलच्या चाकापर्यंत गाळ. वरच्या कप्प्यातल्या फायली आणि कपाटांचे वरचे खण वाचले. मधले ओले झाले होते पण अक्षर दिसत होतं.

वाचवण्याचं जे काम झालं त्यातलं एक सगळ्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. ओल्या कागदाला दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते. लोक काय करतात, घाईघाईनं उन्हात टाकतात आणि पानं सुटी करायला जातात. उन्हात कागद वाकडा होऊन ठिसूळ होतो आणि ओलं पान ओढलं की फाटलंच. सावलीत, फॅनखाली, मधे मधे कोरा शोषणारा कागद घालून आणि तो सारखा बदलत वाळवायचं. पण एवढ्या फायली एकदम कशा वाळवणार? तेव्हा तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाणा कोल्ड स्टोरेजवाल्यांनी एक कोपरा दिला, फुकट, आणि काही फायली प्लॅस्टिकमधे गुंडाळून तिथं ठेवल्या. खरं तर अशा वेळी कागद पार गोठवायचा असतो, शून्याच्या बराच खाली, आणि बेदाण्याचं स्टोरेज असतं चार-पाच डिग्रीचं, त्यामुळं बुरशी थांबत नाही, फक्त तिचा वेग कमी होतो. पण तेवढ्यानंच आम्हाला थोडा वेळ मिळाला आणि बऱ्याच फायली त्यामुळंच आज आहेत. आपल्या भागात बेदाण्याची स्टोरेज भरपूर आहेत, पुढच्या पुरावेळी प्रत्येक वाचनालयानं आधीच अशा एखाद्या मालकाशी बोलून ठेवावं असं मी आग्रहानं म्हणेन.

भंगारवाला तेवढ्यात येऊन गेला होता. शिशाचा भाव वेगळा, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) वेगळा, कागद तर ओला म्हणून जवळजवळ फुकट. वहिनींनी त्याला परत पाठवलं आणि म्हणाल्या, "आण्णांनी एवढं जपलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, आधी ते कळू दे मग बघू." हे सगळं प्रकरण उभं आहे ते त्यांच्या ह्या एका वाक्यावर.

तीन मजली स्वप्न

मग गट जमला. एक निवृत्त बँक अधिकारी, पत्रकारिता शिकवणाऱ्या मॅडम, छापखान्यात आयुष्यभर जुळारी म्हणून, म्हणजे खिळे जुळवायचं, काम केलेले मामा, एक वकील, मी ग्रंथालयातला, आणि वहिनी. बातमी बाहेर गेली आणि मदतीचे हात पण आले. एका पुढाऱ्यांनी विजयनगरकडं जागा बघून देतो म्हणून सांगितलं. एका आर्किटेक्टनी हौसेनं थ्रीडी चित्र काढून आणलं, तीन मजले, खाली सभागृह, वर गॅलऱ्या, दर्शनी भिंतीवर मोठी लेखणी. बघितल्यावर कुणालाही भुरळ पडावी असं होतं ते चित्र, मलाही पडली.

त्या बैठकीत मॅडमनी वॉशिंग्टनच्या न्यूझियमची गोष्ट काढली. आमच्या गटाचे सगळे पुढचे निर्णय ह्या गोष्टीनं बदलले, म्हणून जरा सांगतो.

न्यूझियम म्हणजे पत्रकारिता आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याला वाहिलेलं जगातलं एक मोठं, नावाजलेलं संग्रहालय. मागं संस्था फ्रीडम फोरम, तिचे संस्थापक ॲल न्यूहार्थ, ज्यांनी 'यूएसए टुडे' हे दैनिक काढलं. पहिलं न्यूझियम १९९७ साली पोटोमॅक नदीच्या पलीकडं व्हर्जिनियात आर्लिंग्टनला सुरू झालं आणि तिथं प्रवेश फुकट होता. ते २००२ ला बंद करून राजधानीत जायचं ठरलं. एप्रिल २००८ मधे पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर, म्हणजे संसद आणि व्हाइट हाऊसच्या मधल्या रस्त्यावर, नवी इमारत उघडली. खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर. दर्शनी भागात ७४ फूट उंच संगमरवरी शिळा आणि तिच्यावर अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे ४५ शब्द कोरलेले. आत बर्लिनच्या भिंतीचे आठ तुकडे आणि पहाऱ्याचा टॉवर, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावरच्या अँटेनाचा पिळवटलेला भाग, काम करताना मारल्या गेलेल्या दोन हजारांवर पत्रकारांची नावं कोरलेली काचेची भिंत. आणि बाहेर फुटपाथवर रोज सकाळी जगभरातल्या दैनिकांची त्या दिवशीची पहिली पानं लावलेली, ती बघायला तिकीट लागायचं नाही.

हे सगळं असूनही ३१ डिसेंबर २०१९ ला न्यूझियम बंद झालं. आपल्याकडं पूर आला त्याच वर्षी. इमारत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं ३७.२५ कोटी डॉलरला घेतली.

लोक येत नव्हते असं अजिबात नाही, लाखोंनी लोक येऊन गेले. पण इमारतीपायी कर्ज एवढं झालं होतं की तिकिटातून ते कधीच फिटणार नव्हतं. तिकीट जवळपास २५ डॉलर, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर स्मिथसोनियनची एकापेक्षा एक संग्रहालयं, ती सगळी फुकट. चार माणसांचं कुटुंब शंभर डॉलर भरून इकडं येईल का पलीकडं फुकटात विमानं आणि डायनासोर बघेल? मूळ संस्थेला दरवर्षी तोटा भरून काढावा लागत होता आणि एका टप्प्यावर तिनं हात टेकले.

आता ह्यातली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट. इमारत गेल्यावर काय टिकलं? रोजची पहिली पानं टिकली, फ्रीडम फोरम ती आजही ऑनलाइन दाखवतं, ज्याला बघायची त्यानं फुकट बघावी. आणि ती शिळा फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरला गेली. म्हणजे ज्याचा रोजचा खर्च सगळ्यात कमी होता आणि जे दुसऱ्या संस्थेच्या घरात मावत होतं ते राहिलं.

बँकवाल्या काकांनी मग थ्रीडी चित्र बाजूला ठेवून कागदावर फक्त चालवायचा खर्च मांडला. बांधायला देणगी मिळते, उद्घाटनाला फोटो निघतो, पण सहाव्या वर्षाचं लाइट बिल, एका माणसाचा पगार, वाळवीचं औषध, गळणारं छप्पर, ह्याला देणगीदार मिळत नाही. त्या कागदानंतर तीन मजल्यांचा विषय संपला. पुढारी थोडे नाराज झाले, पण नवीन इमारत बांधायची नाही हा ठराव एकमतानं झाला, आणि ह्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता असं मी आजही म्हणतो.

मग जागा कुठली? तेच घर. वहिनींनी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि खालचा छापखाना करारानं दिला. कागद सगळा वर, २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्याही वर. वर न्यायचा म्हणजे वजनाचा प्रश्न, जुन्या घराचा मजला, म्हणून रॅक सगळे भिंतीलगत, मधे काही नाही. ट्रेडल खालीच ठेवलं. बीड भिजलं तर गाळ काढून, रॉकेलनं पुसून, वंगण घालून परत उभं करता येतं, तसं ते केलं पण. भिजलेला कागद परत येत नाही. मिरजेतल्या एका पुस्तकप्रेमी मित्राचं म्हणणं होतं की पुराच्या पट्ट्यात संग्रहालय ठेवूच नये. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण नवी जागा म्हणजे परत भाडं किंवा बांधकाम आलं, आणि ह्या खोल्यांना भाडं नव्हतं.

कपाटांत काय निघालं

आम्हाला वाटत होतं संग्रहालय म्हणजे ट्रेडल, खिळे, जुने अंक. मामांना बोलवून खिळे लावायला घेतले तेव्हा कळलं की देवनागरीची केस लावणं हे काम आता सांगलीत किती थोड्यांना येत असेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरं आणि थोडी चिन्हं, आपल्याला मात्र जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना मात्रा वेलांट्या, घरं शेकड्यांनी. मामा न बघता हात घालायचे आणि बरोबर खिळा यायचा. शिशाबद्दल एक सूचना, भिजलेल्या खिळ्यांवर पांढरी भुकटी धरते ती विषारी असते. त्यामुळं शाळेची मुलं आली की हातात फक्त साफ केलेले खिळे द्यायचे आणि जाताना साबणानं हात धुवायला लावायचे, हे आमच्याकडं सक्तीचं आहे.

पण खरं संग्रहालय निघालं ते त्या दोन लोखंडी कपाटांतून. त्यात काय नव्हतं! जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढं केलेल्या डिक्लेरेशनच्या (पेपर कोण, कुठं छापतो आणि प्रसिद्ध करतो ह्याच्या लेखी निवेदनाच्या) प्रती, वकिलांच्या नोटिसा, त्यांना दिलेली उत्तरं, वाचकांची रागाची पत्रं, वार्ताहरांची पोस्टकार्डं, आणि सालवार जाहिरातींची खतावणी. आण्णांनी एक कागद टाकला नव्हता.

डिक्लेरेशनपासून सुरुवात करतो. कुठल्याही पेपरच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, हे पत्र मालक, मुद्रक, प्रकाशक अमुक यांनी तमुक ठिकाणी छापून तिथंच प्रसिद्ध केले वगैरे. ती ओळ आपण कधी वाचत नाही. तिच्यामागं इंग्रजांचा १८६७ चा कायदा आहे. कुणी छापलं, कुठं छापलं हे सरकारला कळलंच पाहिजे, म्हणजे धरायला माणूस सापडतो. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि २०२३ साली नवा कायदा येऊन १ मार्च २०२४ पासून लागू झाला, तेव्हा कुठं दंडाधिकाऱ्यांपुढं डिक्लेरेशन करायची पद्धत गेली आणि नोंदणी ऑनलाइन झाली. म्हणजे आण्णांनी साठच्या दशकात ज्या कागदावर सही केली तो कायदा १८५७ च्या उठावानंतर दहा वर्षांनी केलेला. आमच्याकडं आता पहिलं प्रदर्शन हेच आहे, ती एक ओळ मोठी करून लावलीय आणि शेजारी डिक्लेरेशनची प्रत. शाळेची पोरं घरी जाऊन आपल्या पेपरात ती ओळ शोधतात.

त्याच भिंतीवर आपल्या भागाचा इतिहास थोडक्यात घेतलाय. मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून भगवद्गीता छापली गेली, हे मिरजेतल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. किर्लोस्करवाडीतून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर', पुढं 'किर्लोस्कर', १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर', नांगर आणि पंप बनवणाऱ्या गावातून ही मासिकं घरोघर जात होती. आणि टेंभू. सांगली जिल्ह्यात टेंभू म्हटलं की उपसा सिंचन योजना, आटपाडी-खानापूरला आलेलं पाणी. पण कराडजवळचं हेच टेंभू गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव, १८५६ चा जन्म. 'केसरी'चे पहिले संपादक, नंतर १८८८ ला 'सुधारक' काढणारे.

आगरकरांचा कोल्हापूर खटला आम्ही मुद्दाम सविस्तर मांडला, आणि त्यावर गटात चर्चा पण झाली. १८८२ साली कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतोय असं 'केसरी' आणि 'मराठा'नं लिहिलं, दिवाण बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला घातला, टिळक-आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केले होते ती पत्रं बनावट ठरली, हे फलकावर लिहावं की नाही? एकदोघांचं म्हणणं होतं कशाला उगाच. मॅडम ठाम राहिल्या, म्हणाल्या की पत्रकारितेच्या संग्रहालयात अर्धी बातमी लावायची नाही. मलाही तेच बरोबर वाटतं. स्वातंत्र्य हवं आणि कागद तपासायची शिस्त पण हवी, हे ह्या एका खटल्यात जेवढं स्पष्ट दिसतं तेवढं कशातच नाही. फलकावर दोन्ही आहे.

आणीबाणीच्या भिंतीवर फक्त अंक आहेत. २६ जून १९७५ पासून छापायच्या आधी मजकूर तपासून घ्यायची सक्ती आली. आण्णांच्या फायलीत मे-जूनचे अंक बघा, नगरपालिका, साखर कारखान्याची सभा, पाणी, भांडणं, अग्रलेख. जुलैचे अंक बघा, हळदीचे भाव, पाऊसपाणी, दिंडी, कविता, आरोग्याच्या टिपा. एका अंकात अग्रलेखाच्या जागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या. कुठंही निषेध लिहिलेला नाही. पण पाठोपाठचे अंक एका ओळीत टांगले की बघणारा माणूस आपोआप बोलायला लागतो. हे दिसतं ते फाईल सलग आहे म्हणून. पुरात १९८० च्या आसपासची काही वर्षं पूर्ण गेली, त्या काळात गावात काय छापलं गेलं आणि काय गाळलं गेलं हे आता कळणार नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट ती खतावणी. कुणी किती इंची जाहिरात दिली, किती पैसे आले, बाकी किती. काकांनी बँकेच्या सवयीनं ती अंकांच्या फायलीशेजारी ठेवून वाचायला घेतली आणि थक्क झाले. एका सहकारी संस्थेच्या कारभारावर सलग बातम्या आल्या, पुढच्या महिन्यापासून त्या संस्थेची जाहिरात बंद, पाठोपाठ तिच्याशी संबंधित दुकानं, पतसंस्था, शाळा ह्यांच्या पण. ते वर्ष साप्ताहिकानं कसं काढलं हे त्याच वहीत आहे, आत्याबाईंचं म्हणून काही रक्कम जमा, सोनाराकडून काही रक्कम जमा. वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंच्या पाटल्या कुठं गेल्या ते आम्हाला आज कळलं."

तालुक्याच्या ठिकाणी पेपरचा गळा बहुतेक वेळा पोलीस धरत नाहीत, तो जाहिरातीच्या पैशानं आवळला जातो. सुप्रीम कोर्टानं हे फार आधी ओळखलंय. राज्यघटनेत वृत्तपत्र स्वातंत्र्य असा वेगळा शब्द नाही, ते कलम १९(१)(क) मधल्या भाषण आणि अभिव्यक्तीच्या हक्कात येतं असं कोर्टानं १९५० पासून सांगितलं. आणि त्यातला एक गाजलेला खटला चक्क मराठी पेपरचा, पुण्याच्या 'सकाळ'चा. किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार असा नियम १९६० ला आला, 'सकाळ' कोर्टात गेला आणि नियम रद्द झाला. खप आणि पानं ह्यावर बंधन म्हणजे स्वातंत्र्यावरच बंधन, हा त्याचा अर्थ. आम्ही हा निकाल खतावणीच्या शेजारी लावलाय. न्यूझियमच्या काचेच्या भिंतीवरची नावं बघून मन भरून येतं, यायलाच पाहिजे, पण सांगलीच्या आण्णांसारखी माणसं कुठल्याच भिंतीवर येत नाहीत, त्यांचा हिशोब अशा वह्यांतच असतो.

देणगी आणि ती फाईल

आता प्रकरणातला अवघड भाग. एका देणगीदारांनी स्कॅनिंगचा आणि पुढच्या काही वर्षांचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच, त्या सहकारी संस्थेची बातम्यांची आणि खतावणीची फाईल बाहेर लावायची नाही. माणूस वाईट नव्हता, त्यांचे वडील त्या संस्थेत होते, त्यांना घरच्यांची अब्रू जपायची होती. पैशाची गरज आम्हाला फार होती, मोठ्या आकाराचे अंक घट्ट बांधलेले असले की साधा स्कॅनर चालत नाही, वरून कॅमेरा लावून, दिवे दोन बाजूंनी लावून एकेक पान घ्यावं लागतं.

बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. न्यूझियमची उदाहरणं परत निघाली. आदल्या वर्षी गाझात मारल्या गेलेल्या, हमासशी संबंधित वाहिनीच्या दोन कॅमेरामनची नावं स्मारकात घ्यायचं तिथं २०१३ साली जाहीर झालं आणि टीका झाल्यावर थांबवलं गेलं. २०१८ ला त्यांच्याच दुकानात 'फेक न्यूज' छापलेले टी-शर्ट विकायला होते, पत्रकारांनी आवाज उठवल्यावर काढले. म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेला पण बाहेरच्या दबावाशी आणि कमाईशी रोज झगडावं लागत होतं. वहिनींनी निर्णय सोपा केला, त्या म्हणाल्या की ज्या बातमीपायी घरातलं सोनं गेलं ती बातमी पैसे घेऊन झाकायची असेल तर मी खोल्या परत घेते. देणगी नाकारली.

पण त्या गृहस्थांचं म्हणणं आम्ही पूर्ण टाकलं नाही, आणि ते बरोबरच केलं. वकिलांनी सांगितलं की जुना आरोप परत लावला की तो नव्यानं प्रसिद्ध केल्यासारखा धरला जाऊ शकतो, अब्रुनुकसानीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ म्हणून आहेच. म्हणून नियम केला. सार्वजनिक पदावरच्या माणसाचं नाव पदासह राहील, खाजगी माणसांची नावं, पत्ते, पत्रं लिहिणाऱ्या वाचकांच्या सह्या झाकल्या जातील, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा लेखी खुलासा आला तर तो त्याच आकारात शेजारी लावला जाईल. देणगीदारांना हे कळवलं. काही महिन्यांनी त्यांनी वडिलांच्या बाजूचा खुलासा आणून दिला, कागदपत्रांसह, आणि तो आता लागलेला आहे. पैसे नाही दिले, पण खुलासा वाचून आमच्याच गटातल्या एकाचं त्या प्रकरणाबद्दलचं मत बदललं.

स्कॅनिंग मग हळूहळू चाललंय, पत्रकारितेची मुलं सुट्टीत येऊन करतात. वर्गणी लहान लहान, कुणी शंभर कुणी हजार. प्रवेश फुकट ठेवलाय, न्यूझियमवरून शिकलो तेच. आठवड्याच्या शेवटी उघडं असतं, इतर दिवशी फोन करून. बाहेर ओट्यावर एक फळा आहे, त्यावर त्या दिवशीची सांगलीत येणाऱ्या दैनिकांची पहिली पानं लावतो, आत न येणारे लोकही तिथं थांबून वाचतात, एकाच घटनेचे चार मथळे शेजारी शेजारी बघून वाद घालतात. एक कमतरता मात्र राहिलीय. साप्ताहिकात बायकांच्या नावानं जवळजवळ काहीच छापलेलं नाही, प्रुफं तपासणाऱ्या आणि हिशोब लिहिणाऱ्या सासूबाईंचं नाव पन्नासेक वर्षांच्या फायलींत कुठंच नाही. खतावणीतलं अक्षर त्यांचं आहे हे वहिनींनी ओळखलं. त्याचा वेगळा फलक करायचं काम चालू आहे.

ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडं नोंदवताना एक गोष्ट आम्ही मुद्दाम करारात घातली. उद्या हे बंद करायची वेळ आली, माणसं राहिली नाहीत, पैसे संपले, घर विकायला निघालं, तर काय कुठं जाणार हे आत्ताच लिहिलंय. अंकांच्या फायली आणि खतावणी एकत्रच जातील, वेगळ्या करायच्या नाहीत, त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. ट्रेडल आणि केसेस चालू ठेवणार असेल अशा शिक्षणसंस्थेला, शोभेला ठेवणाऱ्याला नाही. स्कॅन केलेली पानं तीन वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातलं एक सांगलीच्या बाहेर, पुराच्या पाण्यापासून लांब. नोटिसांची मूळ फाईल वहिनींच्या मुलीकडं, तिनं ती मागून घेतली आहे.